पेटीतल्या शालूच्या घड्या

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराईचे वेध लागतात, आणि मग पेट्या उघडतात. कुणाच्या पेटीत स्वतःचा लग्नातला शालू असतो, कुणाच्या पेटीत सासूबाईंची पैठणी. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली साडी उलगडली की तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा दिसतात, जणू कुणी पट्टी धरून आखल्या आहेत. लग्न चार दिवसांवर, तालुक्याच्या गावी जायला वेळ नाही, मग आपण काय करतो? इस्त्री तापवतो. आज मला एवढंच सांगायचं आहे की इस्त्री ही सगळ्यांत शेवटची गोष्ट आहे. आणि काही साड्यांच्या बाबतीत तर ती करायचीच नसते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, नुकसान करून शिकले. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मला आईचा शालू नेसायचा होता. जांभळ्या रंगाचा, भरपूर जरीचा. आईने तो माझ्या जन्माआधी नेसला होता आणि नंतर दोन-तीनदाच बाहेर काढला होता. घडीची रेघ काही केल्या जाईना, म्हणून मी शेजारून इस्त्री आणली, चांगली कडक तापवली आणि टोक त्या रेघेवर दाबून दाबून फिरवलं. रेघ गेली. मी खूश. दुसऱ्या दिवशी मांडवात ताट उचलायला खाली वाकले आणि मागून चर्र असा आवाज आला. बरोबर घडीच्या रेघेवर शालू वीतभर फाटला होता. आईने आपल्या अंगावरची शाल माझ्या कमरेला गुंडाळली आणि म्हणाली, "गेला तर गेला. तू हसत उभी राहा, फोटो काढतायत." त्या फोटोत मी शाल गुंडाळून उभी आहे. अजून बघवत नाही.

आता तो शालू इस्त्रीने फाटला का? पूर्ण तसं नाही. तो घडीवर आधीच विरला होता. मी ते पाहिलं नव्हतं एवढंच.

रेशमावर घडी का बसते, ते आधी समजून घेऊ. म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. आपल्यातल्या काही जणींच्या शेतात तुतीची लागवड आहे, जालन्याला कोष घेऊन जाणाऱ्या बायाही ऐकत असतील. तुम्हाला ठाऊकच आहे की एका कोषातून जवळजवळ किलोमीटरभर लांब धागा निघतो. तो धागा प्रथिनाचा असतो. आपले केसही प्रथिनाचेच. आता आठवा, न्हाऊन ओल्या केसांची वेणी घातली आणि रात्रभर तशीच ठेवली, तर सकाळी वेणी सोडल्यावर केस कसे दिसतात? नागमोडी. ओले असताना केस मऊ असतात, जसे वळवाल तसे वळतात, आणि वाळले की तोच आकार धरून बसतात. रेशमाचं अगदी असंच आहे. पावसाळ्यात हवेतला दमटपणा पेटीत शिरतो, रेशीम तो पितं आणि मऊ होतं. उन्हाळ्यात ते वाळतं. घडी मात्र तिथेच असते. असे दहा पावसाळे गेले की ती रेघ पक्की होणारच.

आणि नागमोडी केस सरळ कसे करतो आपण? पुन्हा ओले करतो आणि मोकळे वाळवतो. कुणी तापलेली इस्त्री डोक्यावर फिरवत नाही. (आता पार्लरमध्ये फिरवतात म्हणे, आणि मग त्या पोरी केस तुटतात म्हणून रडतात.) म्हणजे साडीला हवाय तो थोडा ओलावा आणि मोकळी हवा, आणि आपल्याकडे हवा वेळ.

हे झालं रेशमाचं. जरीचं वेगळं. खरी जर म्हणजे चांदीची बारीक तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा. साधी जर म्हणजे तांब्याची तार, वर चांदीचा पातळ थर. आणि अलीकडच्या पुष्कळ साड्यांत असते ती प्लॅस्टिकची चमकणारी पन्नी, बारीक कापून धाग्यावर गुंडाळलेली. पहिल्या दोन्ही प्रकारांत तार आहे. तारेला घडी पडली की तार वाकते, आणि ओलाव्याने तार सरळ होत नाही. कुंपणाची तार एकाच जागी दहा वेळा वाकवून बघा, तुटते. काठावरच्या, पदरावरच्या घडीत हेच चाललेलं असतं. म्हणून जरीवरची रेघ थोडी पुसट झाली तरी समाधान मानावं. ती शंभर टक्के जाईल असं मी सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पन्नीच्या जरीचं दुखणं निराळंच आहे. कडक इस्त्री लागली की ती आकसते, चुरगळते, आणि मग तो काठ कायमचा चुण्या पडल्यासारखा दिसतो.

आता कामाला लागू. साडी लग्नाच्या निदान आठ दिवस आधी बाहेर काढा. आदल्या रात्री नाही.

आधी हात स्वच्छ धुवा, कोरडे करा, अंगठ्या काढा, बांगड्या मागे सारा. बनारसी शालू असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्याच्या उलट्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे असतात आणि मंगळसूत्राची वाटी त्यात अडकली की ओढ बसते. हातमागाची पैठणी याबाबतीत शहाणी. येवल्याची असो की पैठणची, तिची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत.

स्वच्छ चादर अंथरून साडी तिच्यावर उलगडा. झटकू नका! आपल्याला सवय असते धुणं झटकायची. जुनी रेशमी साडी झटकली तर विरलेल्या घडीवर ती तिथल्या तिथे फाटेल. उलगडली की एकेक घडी खिडकीच्या उजेडासमोर धरा. दोघी जणींनी धरलेली बरी. उजेड त्या रेघेतून नेहमीसारखाच दिसतोय का? मग घडी नुसती बसलेली आहे, तिला उठवता येईल. पण रेघेवर सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांतून उजेड येतोय, आडवे धागे तुटून उभेच दिसतायत, किंवा बोट हलकं फिरवल्यावर भुसा पडल्यासारखे रेशमाचे बारीक तुकडे बोटाला लागतायत, तर ती घडी बसलेली नाही, विरलेली आहे. तिथे वाफ, इस्त्री, टांगणं, काहीही उपयोगाचं नाही. विरलेल्या साडीचं काय करायचं ते शेवटी सांगते.

तेव्हाच डागही बघून घ्या. तुपाचा, हळदीचा, घामाचा डाग असेल आणि त्यावर गरम इस्त्री फिरली तर तो पक्का बसतो. हळदीच्या डागाला साबण लावायला जाऊ नका, तो लाल होतो, आणि मग लोक विचारतात की कुंकू सांडलं का. रेशमी साडीचा डाग जाणकाराकडेच न्यावा.

आता पहिला उपाय, फुकटचा. साडी टांगायची. पण कशावर? खिळ्यावर नाही, वळणीच्या दोरीवर नाही, चिमटे लावून तर मुळीच नाही. दोरीवर टांगली की जुनी घडी जाते आणि दोरीचा नवा वण पडतो. एक जाड गोल काहीतरी हवं. शेतात ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइप असतोच कुणाकडे तरी, मनगटाएवढा जाड असला की झालं. नाहीतर गुळगुळीत बांबू. त्यावर जुन्या धुतलेल्या धोतराचे किंवा सुती लुगड्याचे दोन-तीन वेढे घाला, म्हणजे पाइपची धूळ आणि बांबूची कूस साडीला लागणार नाही. आडव्या पाइपवर साडी लांबीच्या मधोमध टाका, दोन्ही बाजूंना सारखं वजन यावं अशी. पदर फार जड असेल तर तो लोंबता ठेवू नका, खाली स्वच्छ चादर घातलेली खुर्ची ठेवून तिच्यावर टेकवा. जड पदर रात्रभर लोंबला तर वरचं अंग ओढलं जातं.

उन्हात अजिबात नको. रेशमाचा रंगही उडतो आणि धागाही उन्हाने कमजोर होतो. आतल्या खोलीत, सावलीत, धुरापासून लांब. चुलीच्या खोलीत टांगली तर वास तर लागतोच, काजळीही बसते. दोन रात्री अशी राहू द्या. मध्ये एकदा साडी थोडी सरकवा, म्हणजे पाइपवरचा भाग बदलेल. पहाटेच्या दमट हवेत रेशीम आपोआप सैल होतं. पुष्कळ साड्यांच्या निम्म्या रेघा एवढ्यानेच जातात. माझ्या भावजयीने मागच्या वर्षी असंच केलं आणि पुढचं काही करायची गरजच पडली नाही. पण पैठणीचा पोत मऊ, तिचं लवकर होतं. कडक विणीच्या साड्या हट्टी.

दोन रात्रींनंतरही रेघा आहेत? मग वाफ द्यायची. इथे एक शब्द तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. वाफसा. पेरणीला जमीन कशी लागते, ना चिखल ना कोरडी, मुठीत धरली तर बांधते आणि सोडली तर सुटते. साडीत ओलावा तेवढाच जायला हवा. हाताला गार, नरम लागली पाहिजे, ओली लागता कामा नये. पाण्याचा एकही थेंब रेशमावर पडू द्यायचा नाही, कारण थेंब वाळतो तिथे कडेला डाग राहतो. म्हणून सुती कपड्यावर मारतो तसा पाण्याचा शिपका रेशमावर कधीच मारू नका. सुती अष्टपुत्रीवर मारा खुशाल. ती सुती आहे, तिला पाणीही चालतं आणि कडक इस्त्रीही.

वाफ देण्यासाठी आपलं न्हाणीघर पुरेसं आहे. तोच पाइप न्हाणीघरात उंच आडवा बांधा. खाली बादलीत किंवा पातेल्यात कढत पाणी ओता, तोंड उघडं ठेवा. साडीचं खालचं टोक पाण्यापासून निदान दीड हात वर राहिलं पाहिजे. दार लावा. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. आता एक धोका, जो मला कुणी सांगितला नव्हता. आपल्या न्हाणीघरांना पुष्कळदा पत्रा असतो. वाफ गार पत्र्याला लागते आणि तिचे थेंब होऊन खाली टपकतात, थेट शालूवर. म्हणून साडीच्या वर एक जाड कोरडी चादर तंबूसारखी ताणून बांधा. थेंब चादर पिऊन टाकेल. दुसरी गोष्ट, कढत पाणी आहे, घरात लग्नाची गडबड आहे, पोरं पळत असतात. दाराशी कुणाला तरी बसवा. साडीपेक्षा पोर मोठं.

काही जणी कुकरच्या शिट्टीवर साडी धरतात. नका धरू. शिट्टीतून वाफेबरोबर डाळीचं पिवळं पाणी उडतं, आणि ते कधी उडेल हे कुकरलाही ठाऊक नसतं.

वाफ दिल्यावर साडी बाहेर आणा, चादरीवर पसरा आणि तळहाताने रेघेवरून हलकेच फिरवा, धाग्याच्या दिशेने. तिरकं ओढायचं नाही, तिरकं ओढलं की वीण सरकते. मग पुन्हा पाइपवर टाकून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. चार-पाच तास तरी. ओलसर साडी घडी करून ठेवलीत तर पहिल्यापेक्षा पक्की रेघ येईल, वेणीचं विसरू नका, आणि बुरशीही येईल. एकदा वाफ देऊन रेघ निम्मी झाली तर दुसऱ्या दिवशी परत द्या. एकाच दिवशी दोन तास कोंडून ठेवण्यापेक्षा हे बरं.

आणि मग, ज्या काही रेघा राहिल्या त्यांच्यासाठी, इस्त्री.

विजेच्या इस्त्रीवर चाक असतं, त्यावर कापडाची नावं किंवा ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश उष्णता, दोन ठिपके म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. रेशमाला एका ठिपक्यापासून सुरुवात करायची, आणि पन्नीची जर असेल तर तिथेच थांबायचं. आपल्या घरातली इस्त्री नेहमी कुठे असते? तिसऱ्यावर, कारण शाळेचे युनिफॉर्म असतात. माझीही तिथेच होती. चाक मागे फिरवलं तरी तापलेली इस्त्री लगेच गार होत नाही, दहा मिनिटं थांबावं लागतं.

साडी उलटी करायची, म्हणजे नक्षीची पाठ वर. तिच्यावर पातळ सुती कापड घालायचं, मलमल किंवा पंचा चालेल, पण पांढरा आणि रंग न जाणारा. इस्त्री कापडावर टेकवायची, दोन-तीन श्वास ठेवायची, उचलायची, पुढच्या जागी टेकवायची. घासायची नाही. शर्टावर ढकलतो तशी ढकलली तर जर ओढली जाते. आधी कुठे करून बघायचं? जो भाग कमरेत खोचला जातो, तिथे. काही बिघडलं तर तिथे कुणाला दिसत नाही. आणि घडीच्या रेघेवर इस्त्रीचं टोक दाबायचं नाही. सपाट भाग ठेवायचा.

कोळशाची इस्त्री असेल तर मी तरी रेशमाला लावणार नाही. ठिणगी उडते, राख गळते, आणि उष्णता किती आहे त्याचा पत्ता लागत नाही. अगदीच लावायची वेळ आली तर तळाला बोटाने पाण्याचा थेंब लावून बघा. थेंब तिथेच बसून हळूहळू बुडबुडत आटला तर ठीक. उड्या मारत पळाला तर इस्त्री फार तापली आहे. बघून झाल्यावर तळ कोरडा पुसा.

पण त्याहून चांगला उपाय माझ्या आजीचा आहे, आणि त्याला वीजही लागत नाही. पूर्वी तांब्यात निखारे घालून कपडे दाबायचे, ते काहींनी पाहिलं असेल. निखारे नकोत, उकळतं पाणी घ्या. सपाट, गुळगुळीत बुडाचा स्टीलचा डबा किंवा लहान पातेलं, बूड घासून लखलखीत, काजळीचा कणही नको. पाणी दुसऱ्या भांड्यात उकळा आणि या डब्यात निम्म्यापर्यंतच ओता. झाकण घट्ट लावा. बाहेरून कोरडा पुसा. फडक्याने धरा आणि सुती कापडावरून साडीवर टेकवत चला. यात गंमत काय आहे? पाणी उकळलं तरी १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणजे डबा कितीही वेळ विसरलात तरी रेशीम करपणार नाही. लोडशेडिंग असो, इस्त्रीचं चाक बिघडलेलं असो, काही फरक पडत नाही. डबा गार झाला की पाणी बदलायचं. वाफ दिलेली साडी पूर्ण वाळण्याआधी, वाफशावर असताना हे केलं तर सगळ्यांत छान बसते. फक्त डबा कलंडू देऊ नका. त्यासाठीच निम्मा भरायचा.

आजकाल मुलींना स्वागत समारंभात घागरा हवा असतो, तर त्याबद्दल दोन शब्द. जाळीचं कापड, टिकल्या, चिकटवलेले खडे, हे सगळं बहुधा प्लॅस्टिकच्या जातीचं. त्याला इस्त्री लावायचीच नाही. उलटा करून टांगा, न्हाणीघरातली वाफ द्या, थोडीच, कारण खड्यांचा गोंद सुटतो. अस्तर सुती असेल तर त्याला आतून इस्त्री चालेल.

लग्न झालं. आता साडी परत पेटीत जायची, आणि पुढच्या रेघा इथेच तयार होतात. मांडवातून आलो की थकून आपण साडीची घडी घालून ठेवून देतो, घामासकट, अत्तरासकट. घाम आणि अत्तर दोन्ही जरीचे शत्रू, जर काळी पडते. रात्रभर साडी उलटी करून पंख्याखाली पाइपवर राहू द्या. मग घडी घाला, पण जुन्या रेघांवर नाही. चौघडी होती तर तिघडी करा. प्रत्येक घडीच्या आत जुन्या सुती कापडाची जाडसर सुरळी ठेवा, म्हणजे साडी कडेला चपटी न होता गोल वळेल. जागा असेल तर घडी न घालता साडी सुती कापडाबरोबर पाइपवरच गुंडाळून ठेवलेली सर्वांत उत्तम. बाहेरून मांजरपाटाचं, धुऊन खळ काढलेलं कापड गुंडाळा. खळ राहिली तर कसर लागते. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट हवा कोंडते. वर्तमानपत्र नको, शाईही लागते आणि कागद पिवळा पडतो तसा कापडालाही डाग देतो. रबर बँड तर जरीजवळ आणूच नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते.

वर्षातून तीनदा घडी बदला. लक्षात राहत नाही म्हणता? संक्रांत, अक्षय्य तृतीया आणि दसरा. पावसाळ्यात पेटी उघडायची नाही, दसऱ्याचं ऊन पडलं की उघडायची. आमच्या गटात आता हे एकत्रच करतो. एकीच्या ओसरीवर सगळ्यांच्या साड्या येतात, दोघी दोघी धरतात, घड्या बदलतात. प्रत्येक साडीबरोबर तिची गोष्टही निघते, त्यामुळे काम कधी वेळेत संपत नाही.

आता विरलेल्या साडीचं. तिला टांगू नका, सपाट ठेवा. विरलेला भाग लहान असेल तर रफू करणाऱ्याकडे न्या. भाग लांब असेल तर मागून त्याच रंगाच्या मलमलीची पट्टी लावता येते, बारीक सुईने, आणि टाके विरलेल्या रेघेवर नाही तर तिच्या दोन्ही बाजूंच्या शाबूत कापडात घ्यायचे. अशी साडी गोल नेसायला एखाद्या वेळी चालेल, तीही विरलेला भाग खोचण्यात जाईल अशी. नऊवारी काष्ट्याला ती घेऊ नका. बसता-उठता मागे जो ताण येतो तो तिला सोसणार नाही. दुकानात रोलवर दाबून कडक करून देतात, तिथेही जुनी विरलेली साडी देऊ नये. दिलीच तर घडी विरली आहे हे आधी दाखवून द्या.

आईच्या शालूचं मी हे सगळं करून पाहिलं, पण तो मधूनही विरला होता. मग पदराचा आणि काठांचा शाबूत भाग काढून घेतला. मुलीला बाळ झालं तेव्हा बारशाला त्याची कुंची शिवली, जांभळी, कडेला जुनी जर. आई तेव्हा होती. तिने कुंचीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही घडी कशी नाही गेली गं?" एक रेघ जरीवर राहिली होती, ती अजून आहे.

पेटीतल्या कापडाची कुंची किंवा दुपटं शिवणाऱ्यांनी एक करा. पेटीत डांबराच्या गोळ्या असतील तर ते कापड शिवण्याआधी आणि बाळाच्या अंगावर घालण्याआधी वास पूर्ण जाईपर्यंत काही दिवस मोकळ्या हवेत, सावलीत ठेवा. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, वरून ती दिसत नाही, आणि त्या गोळ्यांच्या वाफेने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, जोराची कावीळ होते. गोळ्या घातलेलं कापड बाळाजवळ आलं, आणि बाळ पिवळं, निस्तेज दिसलं किंवा लघवी गडद झाली, तर आशाताईंची वाट न बघता सरळ दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना गोळ्यांचं सांगा. गोळ्यांऐवजी पेटीच्या कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून ठेवता येतात, साडीला थेट लागणार नाहीत असे. मात्र वेखंडाचा वास उतरतो, म्हणून दसऱ्याला घडी बदलताना पुरचुंडीही बदला.